सावलीत वाळवलेला पाला

"ओ मॅडम, अख्खं कुंपण न्यायचंय की आमच्यासाठी थोडं ठेवणार?"

विनिता इतकी दचकली, की हातातली कात्री निर्गुडीच्या फांदीतच अडकून राहिली. दुपारचे तीन वाजले होते. वसईतल्या पाचूबंदरच्या त्या टोकाला, वाळत टांगलेल्या बोंबलांच्या रांगांमागे, या वेळी कोणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. झुडपंही कशी, खाडीच्या वाऱ्यावर निवांत डुलत होती... कोणाचीच नसल्यासारखी.

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, कोपरापर्यंत काळं ग्रीस माखलेला एक तरुण उभा होता. खांद्यावर बोटीच्या इंजिनाचा जाडजूड पट्टा. चेहरा गंभीर, पण डोळे... डोळे मात्र सरळ सरळ हसत होते.

"सॉरी – मला वाटलं, जंगली आहे."

"जंगली मी आहे. झाडं पाळलेली आहेत."

विनिताला हसू येत होतं, पण चोरी पकडली गेलेल्या माणसानं हसायचं नसतं, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. "मी चोरायला नाही आले. रिसर्च करते मी, विरारला, कॉलेजच्या लॅबमध्ये. निर्गुडीच्या पानांत सूज उतरवणारं काहीतरी असतं ना, ते पानातून वेगळं काढायचं आणि ओळखायचं. पीएचडी आहे माझी."

"किती वर्षं?"

"अडीच."

"अडीच वर्षं पान बघताय आणि अजून ओळख नाही झाली?" त्यानं पट्टा खांद्यावरून उतरवला. "एवढ्या वेळात आमच्याकडे साखरपुडा होतो."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. त्यालाही. त्याचं नाव एरॉल. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "आणि मॅडम, तोडलात तो पालाही चुकीचाच. आमची आय कुंपणाच्या पाल्याला हात लावत नाही. तिचं झाड वेगळं आहे, घरामागचं. बर्फात हात घालून घालून बोटं सुजली की अर्धं बंदर तिच्याकडे येतं."

विनितानं कान टवकारले. कारण हसण्याखाली तिनं जे लपवलं होतं ते साधं नव्हतं. अडीच वर्षं तिनं ठिकठिकाणचा पाला वाळवला, दळला, भिजवला, गाळला; पण हवा असलेला घटक दरवेळी हाताला लागायचा तो नखाएवढा, तोही मिसळलेला. गाईड डॉ. सामंत मॅडमनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, मार्चपर्यंत शुद्ध नमुना हातात आला नाही तर हे झाड सोडायचं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मला... त्यांना भेटता येईल?"

एरॉलचे डोळे पहिल्यांदाच हसायचे थांबले. "भेटा. पण ती काय बोलेल त्याची गॅरंटी मी घेत नाही."

*

एरॉलची आय, आल्बिना, ओट्यावर बसून जवळा निवडत होती. साठीच्या आसपासची, काटक. तिनं विनिताचं सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"अशीच मानसं आलेली. बारा वर्सं झाली. हितंच बसली, माझ्या हातचं कालवन जेवली. मी सगलं सांगितलं त्यांना. मग पुस्तक छापलं. त्यात माझे हात." तिनं आपले दोन्ही हात पुढे धरले. "नुसते हात. तोंड नाय, नाव नाय. खाली लिवलेलं, 'एक आदिवासी स्त्री पाला वाटताना'. मी काय बिननावाची हाय?"

बाजूला एरॉल मान खाली घालून उभा होता. विनितानं पिशवीतून कुंपणाच्या तोडलेल्या फांद्या काढल्या आणि ओट्याच्या कडेला ठेवल्या.

"हा पाला मी न विचारता तोडला, मावशी. तेही चुकलंच माझं. येते मी."

ती निघाली. रस्त्यावर येऊन स्कूटीला किक मारली, तर स्कूटी ढिम्म. दुसरी किक, तिसरी... डोळ्यांत पाणी यायला आणखी एखादी किक पुरली असती. तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका."

त्यानं खाली बसून प्लग काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. गाडी सुरू झाली.

"आय रागावली नाही तुमच्यावर," तो खालूनच म्हणाला. "पाला परत ठेवणारं माणूस तिनं आज पहिल्यांदा बघितलं."

"पण देणार तर नाहीत."

"आज नाही." तो उभा राहिला. "नंबर द्या तुमचा. गाडी परत बंद पडली तर?"

"ही कधी बंद पडत नाही."

"आज पडली ना?"

चंदनसारला घरी पोचेपर्यंत विनिताच्या मोबाइलवर एक फोटो येऊन पडला होता. घरामागची निर्गुडी, निळसर फुलांचे दोन तुरे आणि खाली एकच ओळ. 'हिची तरी ओळख करून घ्या.'

*

मग रोज सकाळी झाडाचा एक फोटो यायला लागला. कधी झाडावर बसलेला खंड्या, कधी फांदीला अडकलेला कोणाचा तरी पतंग. विनिताही उत्तरादाखल लॅबचे फोटो पाठवू लागली. एकदा तिनं काचेच्या उंच नळीचा पाठवला. तो म्हणाला, 'आमच्या इंजिनाचा फिल्टर तुमच्याकडे काय करतोय?' तिनं लिहिलं, 'तेच काम. गाळ मागे ठेवायचा, कामाचं तेवढं पुढे जाऊ द्यायचं.' वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. मग आलं, 'म्हणजे आपण एकाच धंद्यातले.'

ती ओळ तिनं किती वेळा वाचली, ते तिचं तिलाच ठाऊक.

नोव्हेंबरच्या अखेरीला तिनं त्याला फोन केला. "मावशींना विचार ना... मला पाला नको. त्यांनीच एकदा लॅबमध्ये यावं. आधी आलेल्या लोकांनी पाल्याचं पुढे काय केलं ते त्यांना कोणी दाखवलं नाही. मी दाखवते."

"विचारतो," तो म्हणाला. ती त्याला 'तू' म्हणाली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आल्बिना आली ती रविवारी, चर्चमधून परस्पर, एरॉलसोबत. ठेवणीतल्या लाल लुगड्यात, केसांत अबोलीचा गजरा. लॅबमध्ये शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या आणि विनिता कितीही नको म्हणाली तरी घातल्या नाहीत. विनितानं एकेक गोष्ट दाखवली. पाल्याची भुकटी, ती भिजवलेला हिरवा अर्क, पांढऱ्या पुडीनं भरलेली काचेची नळी. तिनं पातळ पट्टीवर अर्काचा थेंब लावला, पट्टी द्रवात उभी केली आणि नंतर अतिनील दिव्याखाली धरली. एका थेंबाचे सात-आठ ठिपके होऊन वर चढलेले दिसले.

"यातला हा मला हवाय, मावशी. बघा ना किती फिका आहे."

आल्बिनानं ठिपक्याकडे बघितलं आणि मग भुकटीच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. नाक मुरडलं.

"उनात वाळवलंस ना?"

"हो... लवकर वाळतो म्हणून."

"मेलेला पाला हाय हा. आनि कवळा. कवळा पाला बघाया बरा. जून पाला घ्यावा, बोटानं मोडला की कट्ट वाजतो तो. सकालचा तोडायचा, दव गेल्यावर. माळ्यावर सावलीत पसरायचा, रोज हातानं परतायचा. आठ दिस." तिनं झाकण लावलं. "पोरी, एवढी शिकलीस, आनि हे कोनी सांगितलं नाय तुला?"

"तुम्ही सांगितलंत ना आत्ता."

आल्बिना मुलाकडे वळली. "एरॉल, माळा झाडून ठेव."

*

डिसेंबरच्या मध्यावर पहिला पाला आला, जुन्या धुतलेल्या कापडाच्या पिशवीतून. एरॉल स्वतः घेऊन आला. त्यानं ग्रीसचा डाग नसलेला शर्ट घातला होता आणि केसही विंचरले होते, हे विनितानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आय म्हणाली, बघून ये काय करतात ते."

"आय म्हणाली?"

"...मीच म्हणालो. आय हो म्हणाली."

त्या दिवशी नळी लावून दोघं समोरासमोर स्टुलांवर बसले. वरून द्रव ओतायचा, खालून थेंब थेंब परीक्षानळीत धरायचा, ती भरली की दुसरी लावायची. आधी गडद हिरवं आलं. मग फिकट. मग बराच वेळ नुसतंच पाण्यासारखं. बाहेर कॉलेजच्या मैदानावर कोणाचा तरी व्हॉलीबॉल चालला होता, त्याचे धप् धप् आवाज येत होते.

"जोर लावून लवकर नाही काढता येत?" त्यानं विचारलं.

"येतं ना. पण घाई केली की सगळं एकमेकांत मिसळतं. मग काहीच ओळखू येत नाही."

"बरं." त्यानं हाताची घडी घातली. "मग मीही घाई करत नाही."

तिनं वर पाहिलंच नाही. पण कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं. आणि नेमकी तेव्हाच उंच नळीत, खालच्या बाजूला, लिंबाच्या सालीच्या रंगाची एक बारीक पट्टी उतरताना दिसली. स्वच्छ. एकटी. आजवर कधीच न दिसलेली.

"एरॉल... नळी दे. नवी नळी – लवकर!"

त्यानं दिली. देताना दोघांची बोटं एकमेकांवर आली ती तशीच राहिली, कारण दोघांनाही ती नळी हलू द्यायची नव्हती. निदान तसं दोघांनी स्वतःला सांगितलं. पहिला पिवळा थेंब पडला. मग दुसरा. तिसऱ्या थेंबाला विनिताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि एरॉल हळूच म्हणाला, "रडा... पण नळीत नको."

दोन आठवड्यांनी काचेच्या भांड्याच्या तळाशी पिवळे स्फटिक जमले. पट्टीवर आता एकच ठिपका उमटत होता, गडद आणि नेटका. डॉ. सामंत मॅडमनी चष्मा वर करून तो दोनदा पाहिला आणि नमुना तपासणीसाठी मुंबईला पाठवायची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहून दिली.

*

फेब्रुवारीत कॉलेजमध्ये एक परिषद भरणार होती. विनितानं आपल्या कामाचा गोषवारा लिहून दिला. त्यात आल्बिनाचं नाव होतं, गावासकट. छपाईआधी कच्ची प्रत समोर आली, तेव्हा ती ओळ नव्हती. तिच्या जागी मॅडमनी घातलं होतं, 'स्थानिक माहितीच्या आधारे'. विनितानं ते वाचलं. मॅडमना विचारायचं ठरवलं. त्या दिवशी मॅडम मीटिंगमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तिका छापून आली.

आणि तुलनेसाठी मुद्दाम उन्हात वाळवलेल्या कोवळ्या पाल्याची पिशवी घेऊन आलेल्या एरॉलनं टेबलावरची पुस्तिका सहज उचलली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त वाचत राहिला. मग पुस्तिका होती तशी खाली ठेवली.

"तुला आधी माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," विनिता म्हणाली. "तीन दिवस."

"तीन दिवस तू मला रोज गुड मॉर्निंग पाठवलंस."

"एरॉल, मी बोलणार होते –"

"गेल्या वेळी हात तरी छापले होते," तो म्हणाला. "यंदा तेही नाहीत."

तो गेला. पिशवी टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाचा फोटो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. विनिताला स्वतःचा इतका राग आधी कधी आला नव्हता. मॅडमनी नाव काढलं हे खरं. पण गप्प कोण बसलं? मॅडम नव्हे.

तिसऱ्या दिवशी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"मॅडम, गोषवाऱ्यातलं नाव परत यायला हवं."

"विनिता, अशी नावं घालायची आपल्याकडे पद्धत नाही. एकानं सांगितलेलं पुराव्यात धरत नाहीत."

"पण पुरावा त्यांच्याच पाल्यातून आलाय. कोणता, कधी तोडायचा, कसा वाळवायचा, सगळं त्यांचं. मी अडीच वर्षं चुकत होते." ती थांबली नाही. "नाव नसेल तर मी हे काम मांडणार नाही, मॅडम. मला दुसरं झाड द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग त्या म्हणाल्या, "त्यांची लेखी संमती घेतली आहेस?"

"...नाही."

"तर मग नुसतं नाव घालून काय मोठं केलंस? आधी संमती घे. महापालिकेकडे जैवविविधतेची नोंदवही असते, तिथे त्यांच्या नावानं माहितीची नोंद व्हावी म्हणून अर्ज कर. हे मीच तुला आधी सांगायला हवं होतं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पुस्तिकेत दुरुस्तीची चिठ्ठी लावू. प्रत्येक प्रतीत. चिकटवायचं काम तुझं."

विनितानं दोनशे प्रतींत दोनशे चिठ्ठ्या चिकटवल्या. मग कागद घेऊन ती पाचूबंदरला गेली. एरॉल धक्क्यावर होता; त्यानं तिला लांबून पाहिलं, पण आला नाही. तिनं आल्बिनासमोर सगळं कबूल केलं, ते तीन दिवससुद्धा. मग कागद ओळ न् ओळ वाचून दाखवला. आल्बिनानं ऐकून घेतलं आणि सही करायला पेन मागितलं. अंगठा नव्हे, सही. सावकाश, ठसठशीत – आल्बिना.

"परिषदेला याल, मावशी?"

"येन की. माझंच नाव हाय ना त्यात?"

"आणि..."

"त्याचं मी नाय सांगत," आल्बिना म्हणाली. "त्याला तोंड हाय."

*

मुंबईहून तपासणीचा निकाल परिषदेच्या आदल्या दिवशी आला. पदार्थ शुद्ध होता. आणि ओळखीचा होता. कॅस्टिसिन. निर्गुडीत तो असतो, हे जगाला आधीच माहीत होतं. विनिता ते कागद मांडीवर घेऊन लॅबच्या पायरीवर किती वेळ बसली होती, देव जाणे. काहीतरी नवं सापडेल अशी आशा कुठेतरी होतीच.

तरी दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. तिसऱ्या रांगेत आल्बिना बसली होती, लाल लुगड्यात. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी. विनितानं पहिल्याच पानावर नाव दाखवलं, 'आल्बिना, पाचूबंदर', आणि मग ठिपके, पिवळे स्फटिक, आलेख. शेवटी मागून एका प्राध्यापकांनी विचारलं, "पण हा पदार्थ तर माहीत असलेलाच आहे. मग यात नवीन काय?"

"पदार्थ जुनाच आहे, सर," विनिता म्हणाली. "पण एकाच झाडाच्या पानांची आम्ही तुलना केली. उन्हात वाळवलेल्या कोवळ्या पानांपेक्षा सावलीतल्या जून पानांतून तो चौपटीनं जास्त मिळाला. ही रीत माझी नाही. ज्यांची आहे, त्या इथे बसल्या आहेत."

सगळ्या माना वळल्या. मॅडम स्वतः माइक घेऊन खाली गेल्या. आल्बिना जराही बावरली नाही.

"नवं कशाला पायजे?" ती म्हणाली. "हात दुखतात ते जुनेच हायत. आनि पाला उनात घालू नका, एवढंच."

सभागृहात हशा आणि टाळ्या एकदमच उठल्या. आणि त्या गोंधळात विनिताचं लक्ष दाराकडे गेलं. चौकटीला टेकून एरॉल उभा होता. धक्क्यावरून तसाच आलेला, हात काळेच. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

ती बाहेर आली तेव्हा तो मैदानाच्या कडेच्या बदामाखाली थांबला होता.

"चिठ्ठी तू चिकटवलीस?" त्यानं विचारलं.

"दोनशे."

"वाकडी आहे. आयच्या प्रतीतली."

"त्या वेळी डोळ्यांत पाणी होतं. एरॉल, ते तीन दिवस..."

"माहितीय. आयनं सांगितलं. तिच्यापासून लपवलं नाहीस तू." त्यानं पायानं एक पान इकडून तिकडे सारलं. "मीही पंधरा दिवस रोज फोटो काढत होतो. फक्त पाठवत नव्हतो." त्यानं मोबाइल पुढे केला. पंधरा सकाळी, पंधरा फोटो.

विनितानं ते एकेक करून पाहिले. सगळे. मग मोबाइल परत देताना म्हणाली, "तू म्हणाला होतास, घाई करणार नाहीस म्हणून."

"नाही करत."

"पण मला आता... थोडी घाई आहे."

तो बघतच राहिला. ग्रीसनं माखलेला माणूस असा लाजू शकतो, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. "विनिता, मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "लॅबमधली आवडतेस, स्कूटीला किक मारतानाची आवडतेस. पण तुझं घर चंदनसारला, माझं धक्क्यावर. तू गणपतीची, मी चर्चचा. तुझ्या घरचे..."

"थांब."

तिनं आपला मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर फोन लावला. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, तीस वर्षं मंत्रालयात नोकरी केलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी तिसऱ्या घंटेला उचलला.

"बाबा, बोलणं छान झालं माझं. ऐका ना... रविवारी एक जण घरी येणार आहे जेवायला. एरॉल. हो, ख्रिश्चन. नाही बाबा, नुसता मित्र नाही."

एरॉलनं श्वास रोखून धरला होता. विनितानंही. मग पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"कुठला म्हणालीस?"

"पाचूबंदरचा. वसईचा."

मग बाबा हळूच म्हणाले, "आईशी मी बोलतो. तू आज हा विषय काढू नकोस... तिला जरा वेळ लागेल." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "त्याला सांग, पापलेट तोच घेऊन ये म्हणावं. इथे ताजं मिळत नाही."

विनितानं फोन खाली घेतला. काय झालं, म्हणून एरॉलचे डोळे विचारत होते. त्याला पलीकडचा एक शब्दही ऐकू गेला नव्हता. तिनं भर मैदानात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर, त्याचा तो काळा हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरला.

"रविवारी किती वाजता बोट लागते?" तिनं विचारलं.